पांगा वं बायाहो

वलगावच्या पुढे पेढी नदीच्या अंगाने एक रस्ता टाकळीकडे जातो. सकाळच्या पारी त्या रस्त्याने बायांची एक टोळी कामाला जाताना दिसते. डोक्यावर भाकरीचं फडकं, हातात विळा, लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, हे सगळं कुठल्याही टोळीसारखंच. वेगळं एवढंच की दोघी-तिघींच्या खांद्यावर बांबू असतात. नवखा माणूस हटकून विचारतो, "काय वं बाई, मांडव टाकाले चालल्या का?" त्यावर टोळीतली रजियाबी ठरलेलं उत्तर देते, "हाव, तुह्याच लग्नाचा."

ते बांबू लेकरांच्या झोक्यासाठी आहेत. वावरात पोचलं की तीन बांबू वरच्या टोकाला एकत्र बांधायचे, खालून फाकवायचे आणि त्या तिकाटीला जुन्या लुगड्याची झोळी टांगायची. पूर्वी झोळी झाडालाच असायची. निंदायला गेलेल्या बाईचं लेकरू धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला नाहीतर बाभळीला टांगलेलं, हे वऱ्हाडात कुणी नव्याने सांगावं असं नाही. सावली असते, वारा असतो, मुंग्या पोचत नाहीत. मग झाडानं काय घोडं मारलं? टोळीतल्या बायांनी हेच विचारलं होतं. विचारलं ते मनकर्णाबाईला, कारण टोळी तिची. कोणत्या वावरात जायचं, कुणी कोणती पात, म्हणजे पिकाची ओळ, धरायची, कधी उठायचं, हे तीच ठरवते.

"झाडाचं काई वाकडं नाई," मनकर्णाबाई म्हणाली. "पन आभाय गरजलं का माय कुठी पयते? लेकराकडं. लेकरू कुठी हाये? झाडाले. अन् ईज कुठी पडते?"

विजेला इकडे ईज म्हणतात, आणि 'पळते'चं 'पयते' होतं. प्रश्न बिनतोड होता. तरी तिने सांगितलेले बांबू दुसऱ्या दिवशी कुणी आणले नाहीत. मनकर्णाबाईने मग एक अख्खा हंगाम तिन्ही बांबू एकटीने वाहिले. खांदा सोलवटला तरी ती रोज आणायची, उभे करायची आणि ज्या बाईचं लेकरू असेल तिच्या हातातून झोळीची दोरी काढून घ्यायची. शेवटी बायांनाच लाज वाटली. लाज वाटली की तिच्या तोंडाचा कंटाळा आला, हे सांगता येणार नाही. पण टाकळीच्या झाडांवरून झोळ्या उतरल्या त्या उतरल्याच.

तिच्या या हट्टाच्या मागे एक जुनी गोष्ट आहे. ती तिच्या जन्मापासूनच सांगावी लागेल.

मनकर्णा पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणूस ईज ओढून घेतो असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. पाठीत उसण भरली की याच पायाळूची लाथ आपण हौसेने खातो. विहीर कुठे खोदावी तेही त्यालाच विचारतो. आणि ढग गडगडले की त्यालाच घराबाहेर काढतो. माणूस मोठा सोयीचा प्राणी आहे.

मनकर्णाचा बाप डोमाजी मूर्तिजापूरकडचा. छप्पन सालच्या दीक्षेला बापाच्या खांद्यावर बसून गेलेला, त्यामुळे अंगारे-धुपारे त्याच्या घराच्या उंबऱ्याबाहेर राहिले होते. सुईण तोंड पाडून बाहेर आली आणि म्हणाली, पोरगी पायाळू आहे. डोमाजी म्हणाला, "माही पोट्टी चालत आली. तुमीच सारे डोक्यावर पडले." हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे मरेपर्यंत तो ते सांगत राहिला. मनकर्णा ते ऐकत वाढली. चालत आलेली मुलगी म्हणजे काहीतरी भारी असणार, असंच तिला वाटायचं.

लग्न होऊन ती टाकळीला आली तेव्हा पहिल्याच हंगामात, निंदता निंदता, बायांना हसवायला म्हणून तिने बापाचं ते वाक्य सांगितलं. बाया हसल्या. पार्बताबाईचं खुरपं मात्र थांबलं.

पार्बताबाई त्या वेळी टोळीची मुकादम होती. अंगाने काटक, आवाज पाटलाच्या वाड्यापर्यंत पोचेल असा. दोन-चार दिवसांनी दुपारच्या पारी आभाळ भरून आलं आणि सगळ्या बाया निंबाखाली, झोळ्यांपाशी जमल्या. मनकर्णाही धावत आली, तशी पार्बताबाई तिच्या आडवी उभी राहिली.

"तू दूर हो वं. पायाळू हायेस तू. तुह्यापायी आमाले काहून मारतं?"

मनकर्णाला वाटलं थट्टा आहे. ती हसून पुढे झाली तर पार्बताबाईने तिला दोन्ही हातांनी ढकललं. बाकीच्या बाया खाली बघत राहिल्या. नवी नवरी ती, तिथे तिचं कोण होतं? ती पावसात निघाली आणि नाल्याच्या काठी एक खोलगट जागा होती तिथे जाऊन बसली, गुडघ्यांत मान घालून. रडत होती. बापाचा राग आला होता तिला. चालत आली म्हणे.

काहीतरी वाटलं म्हणून तिने मान वर केली. आणि तिने ते पाहिलं.

आभाळातून निंबापर्यंत उजेडाचं एक झाड उभं राहिलं. मुळं वर, फांद्या खाली. आवाज नंतर आला. आधी नुसतं ते पांढरं, थरथरणारं, इतकं देखणं की तिचं रडणं जागच्या जागी थांबलं. पुढे आयुष्यभर लोक तिला त्या दिवसाबद्दल विचारत आले, आणि प्रत्येकाला ती आधी हेच सांगत आली. "देखनी होती वं. लय देखनी होती." लोकांना ते रुचायचं नाही. कारण त्या देखण्या गोष्टीने निंबाखालच्या दोन बाया नेल्या होत्या. त्यातली एक पार्बताबाईची धाकटी नणंद. पार्बताबाईचा डावा कान गेला आणि हात कोपरापर्यंत भाजला. लेकरं वाचली, ती कशी वाचली हे आजही कुणाला सांगता येत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर पार्बताबाई मनकर्णाच्या दारात आली. हातात नारळ, हळदकुंकू. मनकर्णाला वाटलं ही माफी मागायला आली. ती पाया पडायला आली होती.

तिथून सगळं उलटं झालं. ईज पायाळूवर पडत नाही, पायाळूच्या आजूबाजूला पडते, पायाळूला ती हात लावत नाही, असं पार्बताबाईने गावभर सांगितलं. टोळीची मुकादमकीही तिने हळूहळू मनकर्णाच्या गळ्यात घातली. आता ढग दिसले की बाया मनकर्णाला चिकटायच्या. कुणी पदर धरायची, कुणी दंड, आणि सगळ्यांत घट्ट धरायची ती पार्बताबाई. जिने ढकललं तीच बिलगली. मनकर्णालाही सुरुवातीला ते बरं वाटलं. का वाटू नये? झाडाखालून हाकललेल्या पोरीभोवती सगळी टोळी गोळा व्हायची. पण माफीचा शब्द काही पार्बताबाईच्या तोंडून आला नाही. पाया पडणं सोपं असतं, त्यात काही कबूल करावं लागत नाही.

वर्षं गेली. मनकर्णाचा नवरा गेला, मुलगा धर्मपाल मोठा झाला, गावात पक्की घरं झाली. मग एका उन्हाळ्यात तहसील कार्यालयाकडून संध्या नावाची एक बाई गावात आली. विहारात बायांची बैठक झाली. पूर आला तर काय करायचं, गारपीट झाली तर काय, असं सांगता सांगता ती विजेवर आली. गडगडाट ऐकू आला की हातातलं काम टाका आणि पक्क्या घरात शिरा. झाडाखाली नाही, खांबाजवळ नाही, उंच काही असेल त्याच्या आडोशाला नाही. आणि उघड्यावर सापडलातच तर एकमेकींपासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडव्या बसा, मान खाली, हात कानांवर.

"लांब काहून?" मनकर्णाने विचारलं. "जवय असलं तर धीर येते."

संध्या म्हणाली, "वीज जमिनीतूनही पसरते, मावशी. एकीला धरली की चिकटून बसलेल्या सगळ्यांना धरते. लांब असलात तर एखादी पडेल, पण तिला उचलायला बाकीच्या उरतील. आणि पडलेली मेलीच असं समजू नका, लगेच छाती दाबली तर पुष्कळदा माणूस परत येतो."

बैठक पुढे चालू राहिली, पण मनकर्णाबाईच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. ती त्या निंबाखाली जाऊन पोचली होती. म्हणजे ईज तिला घाबरून गेली नव्हती. कुणी तिला राखलंही नव्हतं. ती वाचली ती फक्त लांब होती म्हणून. आणि त्या दोघी गेल्या त्या झाडाखाली चिकटून होत्या म्हणून. एवढं साधं होतं ते. इतकी वर्षं लोक तिच्या पाया पडत होते आणि कारण एवढं साधं होतं. तिला हसू आलं आणि लगेच थांबलं, कारण दर पावसाळ्यात सगळी टोळी तिला चिकटून उभी राहात होती.

संध्याला बसपर्यंत पोचवायला ती गेली आणि रस्ताभर विचारत राहिली. संध्याने पायाळूची भानगड कधी ऐकली नव्हती. दोघींनी मिळून ठरवलं की नुसतं सांगून भागणार नाही, सराव करायला पाहिजे.

म्हणून मग बांबू आले. आणि म्हणून सराव आला. भर उन्हात, स्वच्छ आभाळाखाली, मनकर्णाबाई मध्येच ओरडायची, "पांगा वं बायाहो!" की सगळ्यांनी विळे टाकून चार दिशांना पळायचं आणि उकिडवं बसायचं. रजियाबी बसल्या बसल्या म्हणायची, "मनकर्णा, हम मुर्गियाँ हैं क्या? अंडे बी देऊ का आता?" धुऱ्यावरून जाणारी माणसं हसायची. मनकर्णाबाई हसू द्यायची. हसता हसता केलेलं अंगात मुरतं, असं तिचं म्हणणं.

पडलेली बाई चटकन सापडावी म्हणून तिने आणखी एक रीत काढली. कडाड झालं की पातीच्या क्रमाने, जिची पहिली पात ती पहिली, असं एकेकीने आपलं नाव मोठ्याने सांगायचं. ही रीत तिची स्वतःची. आणि सगळ्यांत जड गेली तीच. उकिडवं बसणं बायांना अवघड नव्हतं. अर्धं आयुष्य तसंच गेलेलं. पण आपलं नाव, मोठ्याने, उघड्या वावरात? कुणी थोरल्याची माय होती, कुणी मधल्या घरची सून. पहिल्या दिवशी नावं निघाली ती पदराआडून, विचारल्यासारखी. मग आवाज चढत गेला. एके दिवशी दुपारी सगळ्या टोळीने वावराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपापली नावं ठणकावून सांगितली. मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून ऐकतच राहिली. वर्षानुवर्षं सोबत काम केलेल्या बाया तिला त्या दिवशी पहिल्यांदा भेटल्यासारख्या वाटल्या.

सगळं जमलं. एक मात्र जमलं नाही. सराव कोरड्या आभाळाखाली चोख व्हायचा. खरे ढग आले की बाया पुन्हा तिच्याकडेच यायच्या. ती ओरडायची, ढकलायची, समजावायची. पालथ्या घड्यावर पाणी. दर वेळी नशिबाने ईज दुसरीकडे पडली आणि दर वेळी पार्बताबाई म्हणाली, "पाह्यलं? मनकर्णा होती म्हून."

पार्बताबाई आता म्हातारी झाली होती. विळा चालत नव्हता, म्हणून ती तिकाटीपाशी बसून लेकरं सांभाळायची. त्यांतच एक मैत्री, मनकर्णाबाईची नात. धर्मपालची बायको प्रणाली हिची पोरगी. पोटात असताना पोरीचे पाय खाली होते, म्हणून अमरावतीच्या दवाखान्यात पोट कापून काढावी लागली. बाळ पाहायला आलेली पार्बताबाई आनंदाने म्हणाली, "हे बी पायाळूच म्हनाव."

मनकर्णाबाईने दुपटं सारखं करत शांतपणे सांगितलं, "पार्बताबाई, माह्या घरात हा शब्द बोलाचा नाई."

तिने तो शब्द दोन्ही अंगांनी भोगला होता. आधी त्यापायी ढकललं गेलं, मग त्यापायीच पुजलं गेलं, आणि दोन्हींत मनकर्णा कुणालाच दिसली नाही. नातीच्या कपाळी ते येऊ द्यायचं नाही, असं तिने प्रणालीला शब्द देऊन सांगितलं होतं.

दसरा होऊन गेला होता. वामनरावांच्या वावरात सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती; त्या दिवशी झोळीत एकटी मैत्रीच होती. सोंगलेलं सोयाबीन वावराच्या मधोमध रचून त्याची मोठी सुडी उभी केलेली. दुपार कलली तसा मेळघाटाच्या अंगाने आवाज आला, जड, लांबचा. प्रणालीच्या मोबाईलवर विजेची सूचनाही आली. मनकर्णाबाईने विळा खाली ठेवला. "उठा. गावात चला."

वामनराव धावत आले. भला माणूस, बायांना स्वतः चहा करून आणणारा. "मनकर्णाबाई, वर्षाचं पीक हाये त्या सुडीत. तेवढी ताडपत्री टाकून द्या न, मंग जा." मनकर्णाबाईने आभाळाकडे पाहिलं, सुडीकडे पाहिलं. हो म्हणाली. वऱ्हाडातली कुठलीही बाई हो म्हणाली असती; भिजणारं धान्य पाहून पाठ फिरवणं आपल्या हाडात नाही. वामनराव खालच्या वावरात बैल सोडायला गेले आणि बाया ताडपत्रीला भिडल्या. वारा सुटला होता. एक कोपरा बांधला की दुसरा उडायचा. शेवटची गाठ बसेपर्यंत उत्तरेचं आभाळ डोक्यावर आलं होतं आणि गाव लांब राहिलं होतं.

पहिला कडाड नाल्यापलीकडे झाला.

"पांगा वं बायाहो!"

कुणीच पांगलं नाही. सगळ्या धावल्या त्या तिच्याकडे. ती सुडीला टेकून उभी होती आणि बघता बघता तिच्याभोवती बायांचा वेढा पडला. रजियाबीने दंड धरला. प्रणाली मैत्रीला छातीशी घेऊन पोटाशी शिरली. पार्बताबाईने पदर मुठीत गुंडाळला आणि डोळे मिटले. "आता काई भेव नाई," ती पुटपुटत होती, "मनकर्णा हाये."

"दूर व्हा. शिकवलं न तुमाले. दूर व्हा."

ओल्या अंगांची ऊब तिला चारी बाजूंनी लागत होती. किती विश्वासाने आल्या होत्या सगळ्या, आणि त्या विश्वासानेच मरणार होत्या. मग तिच्या हातांवरचे केस उभे राहिले. प्रणालीच्या कपाळावरच्या ओल्या बटा आपोआप वर उचलल्या गेल्या. पायाशी पडलेल्या विळ्यांमधून बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. संध्याने सांगितलं होतं, असं झालं तर वेळ उरलेला नसतो.

समजावून होणार नव्हतं. मनकर्णाबाईने पार्बताबाईच्या मुठीतून पदर हिसकला, दोन्ही हातांनी तिला ढकललं, आणि इतकी वर्षं जे शब्द उरात ठेवले होते ते तिच्या तोंडावर फेकले.

"दूर हो वं. पायाळू हाये मी. ईज माह्यावरच येऊन राहिली. माह्यापायी काहून मरतं?"

पार्बताबाईने डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहायला वेळ नव्हता. मनकर्णाबाईने रजियाबीला झटकलं, मग प्रणालीकडे वळली. सून तिच्याकडे बघत होती. जो शब्द घरात यायचा नव्हता तो सासूने स्वतःच उच्चारला होता.

"पय," मनकर्णाबाई म्हणाली. "पोट्टीले माह्यापासून दूर ने."

आणि बाया पांगल्या. लाह्या फुटाव्या तशा, चार दिशांना. सरावात पळायच्या तशाच पळाल्या, तेवढ्याच अंतरावर, तशाच बसल्या. मनकर्णाबाईही सुडीपासून उलट बाजूला पळाली, चिखलात उकिडवी बसली, मान खाली घातली. कानांवर हात नेईपर्यंत मात्र उशीर झाला.

मिटल्या डोळ्यांनाही तो उजेड दिसला. जमीन खालून एकदा थरकली आणि तळपायांना मुंग्या आल्या. मग काहीच नाही. पाऊस पडत होता, पण त्याचा आवाज नव्हता.

तिने मान वर केली. सुडी पेटली होती. भर पावसात, ताडपत्रीच्या आतून, आधी लालसर आणि मग एकदम मोठी, माणसाच्या दुप्पट उंच ज्वाळा. वरून पाणी कोसळत होतं आणि आग त्याला जुमानत नव्हती. जिथे घडीभरापूर्वी सगळ्या उभ्या होत्या, ती जागा आता ज्वाळेच्या पोटात होती. मनकर्णाबाईला भीती वाटली नाही. तिला पुन्हा तेच वाटलं, नवी नवरी असताना नाल्याकाठी वाटलं होतं ते. एवढं मोठं काहीतरी आपल्या इतक्या जवळून जातं, आणि आपण असतो.

मग तिने बायांकडे पाहिलं. सगळ्या बसल्या होत्या. पहिल्या पातीची बाई उठली, तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग दुसरी. मग रजियाबी, मान वर करून. आवाज एकही नव्हता. सोंगलेल्या काळ्या वावरात, आगीच्या उजेडात, एकामागून एक तोंडं उघडत होती आणि मनकर्णाबाईला कळत होतं की त्या आपली नावं सांगताहेत. एकही ऐकू येत नव्हतं आणि प्रत्येक नाव तिला माहीत होतं. प्रणाली उभी राहिली, कडेवर मैत्री रडत होती. तिचंही तोंड उघडलं, मिटलं. मनकर्णाबाई तशीच चिखलात बसून मोजल्यासारखी एकेकीला डोळ्यांत घेत होती आणि तिच्या गालांवरून पाऊस वाहत होता की काय, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

एकच तोंड उघडलं नव्हतं. पार्बताबाई अजून उकिडवी होती, हात कानांवर, कपाळ गुडघ्यांना टेकलेलं. मनकर्णाबाई धावत तिच्यापाशी गेली, खांद्याला धरून हलवलं. म्हातारी जिवंत होती. ती रडत होती. तिने मान वर केली आणि मनकर्णाबाईचे दोन्ही हात धरून ती बोलायला लागली. बोलत राहिली. मध्येच ती भाजल्याचा जुना डाग असलेल्या हाताने त्या लांबच्या धुऱ्याकडे, जिथे तो जुना निंब होता तिकडे, बोट दाखवत होती.

मनकर्णाबाईला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही. तिने आपल्या कानांकडे बोट केलं आणि मान हलवली.

पार्बताबाई थांबली. मग तिने पदराने नाक पुसलं, मनकर्णाबाईचा आधार घेऊन उठली आणि टोळीकडे वळून, गळ्याच्या शिरा ताणून, काहीतरी ओरडली. वावरभर ताटकळलेल्या बायांचे खांदे एकदम सैल झाले. दोघी-तिघी मटकन खाली बसल्या. ते काय होतं हे रजियाबीने नंतर हातवारे करून समजावलं. सगळ्यांची नावं झाली, पण मुकादमीण आपलं नाव सांगायचं विसरली होती. ते पार्बताबाईने सांगितलं.

वामनरावांची सुडी गेली. त्यांनी राखेत उभं राहून आधी बाया मोजल्या.

मनकर्णाबाईचा उजवा कान हळूहळू उघडला. डाव्यात अजून भुंगा गुणगुणतो. काम पुन्हा सुरू व्हायच्या सकाळी ती घरातून निघाली ती एकच घोर घेऊन. इतक्या वर्षांत जे पुसत आणलं होतं ते तिने स्वतःच्या तोंडाने पुन्हा लिहून ठेवलं होतं. आता बाया तिच्यापासून लांब पळतील की मैत्रीपासून? विळे हातात घ्यायच्या आधीच तिने सगळ्यांना थांबवलं.

"त्या दिवशी मी खोटं बोलली," ती म्हणाली. "पायाळूचं काई नसते. दुसरं काईच तुमी ऐकलं नसतं म्हून म्हटलं."

रजियाबी म्हणाली, "वो मालूम है हमको. पर तेरा मुँह असा झाल्ता का ईजपेक्षा तुहंच भेव वाटलं." बाया हसल्या. मनकर्णाबाईही हसली, पण घोर काही गेला नाही. रजियाबीचं ठीक होतं. तिची नजर पार्बताबाईला शोधत होती.

पार्बताबाई केव्हाच धुऱ्यापाशी पोचली होती. तिने तिन्ही बांबू स्वतः बांधून तिकाटी उभी केली होती, झाडांपासून लांब, मोकळ्यावर. झोळीत मैत्री होती. म्हातारी झोका देत, बोळक्या तोंडाने, पोरीशी गप्पा मारत होती. एक कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

"चालत आली वं माही पोट्टी," पार्बताबाई सांगत होती. "चालत आली. आमीच साऱ्या डोक्यावर पडलो होतो."

मनकर्णाबाई जागीच उभी राहिली. हे तिला उजव्या कानाने स्वच्छ ऐकू आलं होतं. टोळी तिच्या शब्दाची वाट बघत होती. तिने खाली वाकून विळा उचलला, पदर खोचला आणि आज पहिली पात स्वतः धरली.